पन्नासातले चार

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चार! पन्नासातले चार!

सकाळपासून तेच मोजतेय. आमच्या हवामान खात्याचं यंत्र रोज पुढच्या दहा दिवसांचा अंदाज पन्नास वेळा मांडतं, दर वेळी सुरुवात जराशी बदलून. सेहेचाळीस म्हणतात – पुढचा शुक्रवार, वीस तारीख, शांत. चार म्हणतात – बाहेरच्या पट्ट्यावर, किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात, वादळ. ध्रुवाकडून उतरतं ते; लहानसं, पण अर्ध्या तासात समुद्र उलटापालटा करणारं. आणि नेमका याच वेळी कॉड मासा बाहेरच्या पट्ट्यावर आलाय! मंगळवारी आमच्या बंदरातल्या अकराही बोटी पाच दिवसांसाठी तिकडे निघणार. पुढे एलर्ट, माझा थोरला भाऊ.

वेगार्डला दाखवलं. साहेब आहे ना आमचा! म्हणाला, "अगं, सरासरी शांत येतेय ना? मग शांत लिही. गेल्या वर्षीचं विसरलीस?"

नाही विसरले. गेल्या वर्षी मी वादळ सांगितलं, बोटी थांबल्या आणि चार दिवस लख्ख ऊन. तेव्हापासून मी 'वादळबाई'. असू दे! सरासरीवर कोणी बोट नेत नाही. मी अंदाजात ते चारही लिहिले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चारांचं ते वाक्य वेगार्डनं काढून टाकलं. मला न विचारता. हलकट!

१५ फेब्रुवारी, रविवार

एलर्टकडे जेवायला गेले. उकडलेला कॉड, त्याची कलेजी, बटाटे. दोन घास खाल्ले आणि विषय काढला.

"झालं हिचं सुरू!"

"पुढच्या सोमवारपर्यंत थांब."

"आठवडाभर मासा थांबतो का माझ्यासाठी? सेहेचाळीस जण एक सांगतात आणि तू चौघांचं ऐकतेस!"

"त्या चौघांतलं एक खरं निघालं तर मग तुला सांगायला मी कुठे येऊ?"

योरूनवहिनीचा हात थांबला. एलर्ट मात्र बटाटे सोलत राहिला. आमच्याकडे बाहेरच्या पट्ट्यावर एकटी बोट जात नाही. सगळ्यात जुना तांडेल नाही म्हणाला की सगळे थांबतात, आणि सगळ्यात जुना तोच. शिव्या खायच्या तर त्यानंच.

"मी 'थांबा' म्हणणार नाही," शेवटी तो म्हणाला. "तू म्हण. फळ्यावर लिही. खाली नाव घाल. खात्याचं नाही, तुझं. मग थांबतो."

आमच्या खात्यात अंदाजाखाली कोणी स्वतःचं नाव घालत नाही. चुकलं तर हवामान चुकतं, माणूस नाही. सोयीचं आहे सगळं!

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहिलं! मासळी उतरवतात त्या शेडमधल्या फळ्यावर, भर दुपारी, सगळ्यांसमोर. "शुक्रवारी बाहेरच्या पट्ट्यावर वादळाची शक्यता – पन्नासात चार. पुढच्या सोमवारपर्यंत जाऊ नका. – तोरगुन."

मागून कोणीतरी – "वादळबाई, छत्री आणलीत का?" हशा. एलर्टनं वाचलं, टोपी खाली ओढली. "सोमवारी निघू," एवढंच म्हणाला. हशा थांबला, शिव्या सुरू झाल्या.

संध्याकाळी वेगार्डचा फोन. घरी बसायचं, पासवर्ड बंद. बसते! मला काय, विणकाम पडलंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऊन. झुळूकसुद्धा नाही. वहिनीनं चादरी बाहेर वाळत घातल्यात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वेगार्डनं कागद पाठवलाय. किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांवर काल वारा मंद होता, तेव्हा अंदाज निराधार होता हे मान्य करून सही करायची.

नाही करणार! पन्नासात चार म्हणजे बहुतेक वेळा लोक हसणार, हे लिहितानाच ठाऊक होतं मला. हसा! उद्या पुन्हा चार दिसले तर पुन्हा लिहीन, नाकावर टिच्चून लिहीन.

दुकानात ओदविन तांडेल तोंडावर म्हणाला, "तुझ्यापायी आठवडा गेला."

"आठवडाच गेला ना?" म्हटलं आणि पाव घेऊन निघाले.

एलर्ट मात्र बोलत नाही. आज दारातूनच परत पाठवलं मला – त्याचं लागलं. घरी येऊन खूप रडले. रडले तरी सही नाही!

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी फेरो बेटांची एक बोट रखडत बंदरात आली. काचा फुटलेल्या, रेडिओचा खांब मोडलेला, पुढचा सगळा भाग बर्फाखाली. सहाही माणसं जिवंत. त्यांच्या तांडेलाचा, याकुपचा, मोडलेला हात फळीला बांधलेला. शुक्रवारी, म्हणाला. बाहेरच्या पट्ट्यावर, चार तास वादळ. आमचे अकराही तांडेल धक्क्यावर उभे. एलर्टनं त्याला कॉफी दिली.

"भोंगा वाजवून वाजवून थकलो," याकुप म्हणाला. "दरवर्षी तुम्ही सगळे तिथेच असता. शुक्रवारी होतात कुठे?"

"घरी," एलर्ट म्हणाला.