कायदेमंडळात बसला होतात की

अप्पा, तुम्ही चुकलात असं मी त्या दिवशी म्हणाले होते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आजही तेच म्हणते. माफी मागायला हे लिहीत नाही.

तुम्ही वकील होतात तेव्हाचं मला चांगलं आठवतं. वैरागहून येऊन इथं सोलापूरच्या गिरणीत माग चालवणाऱ्या त्या विणकराला पोलिसांनी धरलं होतं. संपात गिरणीच्या दारात माणसं जमवून बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. तुम्ही त्याचा खटला फुकट चालवलात. "पगारासाठी तोंड उघडणं हा गुन्हा नव्हे," असं कोर्टाला ठणकावून सांगितलंत आणि त्याला सोडवून आणलंत. त्याच वाक्यावर पुढे निवडणूक लढवलीत. सात रस्ता चौकात सभा भरलीय, मी आईला, अव्वाला, चिकटून बसलेय, आणि तुमच्या प्रत्येक वाक्याला तो विणकर सगळ्यांच्या आधी टाळी वाजवतोय. त्याच्यासारख्या गरिबाला तेव्हा मताचा हक्क नव्हता, तरी महिनाभर तो तुमच्यासाठी घरोघर फिरला. तुम्ही निवडून आलात, मुंबईच्या कायदेमंडळात तीन वर्षं बसलात. मग इंग्रज सरकारनं न्यायाधीश केलं. दोन वर्षं बाहेरगावी काढलीत आणि बदली होऊन सोलापूरलाच आलात.

मी सतरा वर्षांची होते. कोर्टात मागच्या बाकावर बसलेय आणि पिंजऱ्यात तोच विणकर उभा आहे. पुन्हा संप, पुन्हा भाषण. या वेळी आरोप मात्र राजद्रोहाचा. "काही सांगायचंय?" तुम्ही विचारता. तो हात जोडतो. "साहेब, मी नवं काय बोललो न्हाय. तुमी सात रस्त्यावर बोलला व्हता, तेच बोललो की." कुणी हसलं नाही. तुम्ही चष्मा पुसलात आणि दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावलीत.

संध्याकाळी अव्वा भाकऱ्या थापत होती. तुम्ही पाटावर बसलात तशी मी विचारलं, "एकाच बोलण्यासाठी आधी सोडवलंत, आता डांबलंत. असं कसं?"

"वकील अशिलाचा असतो, न्यायाधीश कायद्याचा," तुम्ही म्हणालात. "कायदा मी केलेला नाही."

"कायदेमंडळात बसला होतात की."

अव्वाचा हात परातीत थांबला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. ताट सारलंत आणि एवढंच म्हणालात, "उद्यापासून कोर्टाची पायरी चढायची नाही."

चढले, अप्पा. तुम्ही गेल्यावर काळा कोट घालून चढले, आणि पहिला खटला घेतला तो संपावर गेलेल्या बायकांचा. तुमचे एक जुने स्नेही वकिलांच्या खोलीत म्हणाले, "न्यायाधीशांच्या मुलीला हे शोभत नाही." मी म्हणाले, "मी वकिलाची मुलगी आहे." त्यात मला आजही काही कमीजास्त करायचं नाही.

एक गोष्ट मात्र हा कागद घडी घालून ठेवण्याआधी लिहिते. तो तुरुंगात होता ती दोन वर्षं मी दर रविवारी त्याच्या बायकोकडे ज्वारीचं पीठ घेऊन जायची. तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही अडवलं नाहीत. एका रविवारी मी दारात चपला घालत होते आणि वर्तमानपत्राआडून तुम्ही हळूच विचारलंत, "त्यांच्या घरी बरं चाललंय ना?" मी मागे न वळता निघून गेले. मला ऐकू आलं नसावं असं समजलात बहुतेक. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

ऐकू आलं होतं.