दोन किलो दळणाचा बिल्ला

मु. निंबखेड, ता. मोताळा
दि. २ एप्रिल २०२५

चि. कुलदीप,

आत्याचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत. आमच्या ह्यायचे गुडघे सोडले तर कोणाचं काही दुखत नाही, आन् ते गुडघे तू शाळेत होता तेव्हापासून दुखतात. गिरणी चालू आहे. तुह्या बापाचा, माह्या नारायणदादाचा, देऊळगावहून परवाच फोन होता. अर्पिताचं लग्न मे महिन्याच्या चौदा तारखेले पक्कं झालं, हॉल बालाजीच्या देवळाजवळचा मिळाला. पत्रिका तुह्या मोबाइलवर आलीच असीन.

पत्र पाहून हसू नको. फोन तू उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या रेघा येतात आन् उत्तर येत नाही. मंग मी म्हटलं, रजिस्टर पत्र टाकू, पोस्टमन सही घेतल्याशिवाय हलत नाही. दादा म्हणते, कुलदीप लग्नाले येते का नाही ते सांगतच नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाले भाऊ येते का नाही, हे विचारायची पाळी आपल्या घरावर पहिल्यांदाच आली. म्हणून लिहून राह्यली. मले तुले त्या मांडवात पाह्यचं आहे, बस.

पण तुही आत्या नुसतं 'ये' म्हणून थांबली, असं कधी झालं काय? आधी एक गंमत ऐक. गेल्या सहा महिन्यात मले तुह्या त्या स्थिर नाण्याची लय आठवण आली.

मागच्या वर्षी होळीले तू गिरणीच्या ओट्यावर बसून मले समजावलं होतं. मोबाइलमधलं नाणं, पण त्याचा भाव हलत नाही. एक नाणं म्हणजे कायम एक डॉलर, कारण कंपनीनं जेवढी नाणी काढली तेवढे डॉलर तिजोरीत ठेवले. मी विचारलं, तिजोरी कोणी पाह्यली? तू म्हणला, आत्या, त्याचा रिपोर्ट असते. मंग श्रावणात ते नाणं एका हप्त्यात रुपयाचं अकरा पैसे झालं. तिजोरीत निघाले कमी, नाणी निघाली जास्त. तुहेही गेले आन् माहे चाळीस हजारही गेले. गिरणीच्या नव्या मोटारीसाठी ठेवले होते. असो, त्याच्याबद्दल मले आज बोलायचं नाही.

तर गंमत. आपल्या गावात दहाचं नाणं कोणी घेत नाही, तुले माहीत आहे. कोणी म्हणते बंद झालं, कोणी म्हणते खोटं निघते. बँकेवाला येऊन सांगून गेला, चालते बाप्पा, घ्या. तरी नाही. भाजीवाली सत्यभामाबाई तर दहाचं नाणं पाह्यलं का हात मागं घेते. दहाच्या नोटा फाटून फाटून संपल्या. दळणाचे होतात पंधरा, पंचवीस, पस्तीस, सुट्टे आणू कुठून? लाइन गेली का टॉवर जाते, आन् टॉवर गेला का फोनवरून पैसे जात नाहीत. मी सुट्ट्याच्या बदली चॉकलेटं देऊन देऊन थकली, आन् चॉकलेटं खाऊन खाऊन बाया थकल्या.

मंग गणपतीच्या आधी मी मोताळ्याच्या बाजारात गेली आन् पत्र्याचं काम करणाऱ्याकडून शंभर बिल्ले कापून आणले. प्रत्येकावर 'सं' ठोकून घेतलं. एक बिल्ला म्हणजे दोन किलो दळण, म्हणजे दहा रुपये. सुट्टे नसले का बिल्ला द्यायचा, पुढच्या दळणाले तो घेऊन यायचा. साधं काम.

महिनाभरात बिल्ले गिरणीत परत येणंच बंद झालं. मले वाटलं, बायायनं हरवले. चौकशी केली तर सत्यभामाबाई एका बिल्ल्याले मेथीची जुडी देऊन राह्यली. चहावाला एका बिल्ल्याले चहा देते, न्हावी दाढीचे तीन घेते. म्हणजे पाह्य बे कुलदीप, सरकारनं काढलेलं नाणं या लोकायले नको, आन् संजीवनीचा पत्रा पाह्यजे. आमचे हे म्हणाले, नोटेवर गव्हर्नर सही करून वचन देते, तुह्या बिल्ल्यावर तर सहीही नाही. मी म्हटलं, गव्हर्नर कुठं सापडते ते लोकायले माहीत नाही, मी कुठं सापडते ते माहीत आहे. ग्रामसेवकानं मात्र एकदा हळूच सांगतलं का आत्या, असं नाणं काढणं कायद्यात बसत नाही. मी त्याले सांगतलं, हे नाणं नाही, दळणाची पावती आहे. तो हसला आन् चहा पिऊन गेला. त्या चहाचाही बिल्लाच दिला मी.

इथपर्यंत ठीक होतं. माह्या डोक्यात हवा गेली ती संक्रांतीले.

हळदीकुंकवाले दरवर्षी मी वाण म्हणून कधी गाळणी देते, कधी स्टीलची वाटी. सत्तर बाया येतात. वीस-वीसच्या वाट्या धरल्या तरी चौदाशे रुपये. आन् बिल्ला मले पडते पन्नास पैशाले. एकेकीले दहा-दहा बिल्ले दिले तर वाण झालं शंभर रुपयाचं, आन् माहा खर्च एकीमागं पाच रुपये. असं वाण गावात कोणाच्या सासूनंही दिलं नसीन. पत्रेवाला म्हणला, बाई, सातशे कशाले? मी म्हटलं, तू काप.

काय कौतुक झालं माहं त्या दिवशी! तिळगूळ ताटात तसाच, आन् सगळ्या बाया बिल्ले वाजवून राह्यल्या. मी खुर्चीत अशी बसली होती का जिल्ह्यात माह्यासारखी श्रीमंत कोणी नाही. आमचे हे दारातून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर डब्यायची रांग मारुतीच्या पारापर्यंत. ज्यायच्या घरी पीठ भरलेलं होतं त्यायनंही गहू काढून आणले. ज्यायनं गहू आणले नाही त्या बिल्ले घेऊन बाजारात गेल्या. न्हाव्यानं बिल्ला घेणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी मेथी घ्यायले गेली, जुडी उचलली, एक बिल्ला ठेवला, तर सत्यभामाबाई म्हणे तीन. बिल्ला माहा, आन् मलेच तीन मागते. मी तिच्याशी भांडली, साऱ्या रस्त्यानं ऐकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाजीवर पाणी शिंपडलं आन् म्हणाली,

"संजीवनीबाई, बिल्ले तुमी सातशे केले. गिरणी अजून एकच आहे न?"

घरी येईस्तोवर मले तुही ती कंपनी आठवून राह्यली. त्या लोकायनं दुसरं काय केलं रे? त्यायनंही वाणच वाटलं. तू मोबाइलवर मले नाण्याच्या भावाच्या रेघा काढून दाखवल्या होत्या, त्या मले कळल्या नव्हत्या, मेथीच्या जुडीत कळल्या. बिल्ला पत्र्याचा असो का मोबाइलमधला असो, तो घेऊन आलेल्या माणसाले कोणीतरी 'हो, दे' म्हणायले बसलेलं पाह्यजे. आन् जेवढ्यायले 'हो' म्हणता येते तेवढेच काढले पाह्यजे. हे मले साठीच्या जवळ आल्यावर कळलं. मी ठरवलं, एकाही बिल्ल्याले नाही म्हणायचं नाही.

तेरा दिवस दळलं, कुलदीप. लाइन सकाळी सहाले येते, दुपारी दोनले जाते, त्या वेळात जेवढं होईन तेवढं. मोटार जुनीच, तापली का तिच्यापुढं घरातला पंखा आणून लावायचा. आमचे हे गुडघे धरून धरून पट्टा चढवत. दळून झालेला बिल्ला मी गल्ल्यात टाकला नाही. सगळ्यायच्या समोर त्याले खिळ्यानं भोक पाडायची आन् तारेत ओवायची. बाया रांगेतून पाहत, आज तार किती लांब झाली ते. नवीन बिल्ला एक काढला नाही. आठव्या दिवशी मेथीचे दोन बिल्ले झाले. चौदाव्या दिवशी मी भीत भीत एक ठेवला, आन् सत्यभामाबाईनं तो कमरेच्या पिशवीत टाकला. हसशीन तू, पण मले भर रस्त्यात रडू आलं. एवढी खुशी मले माह्या लग्नातही झाली नव्हती. हे ह्यायले सांगू नको.

लाइन आली वाटते. उठते.

दि. ३ एप्रिल

काल लाइन आली नव्हती. पुढचं लिहायची हिंमत होत नव्हती म्हणून उठली.

त्या तेरा दिवसातलीच गोष्ट आहे. रांगेतली एक बाई म्हणाली, आत्या, तुमचे बिल्लेही भाच्याच्या नाण्यासारखे बुडतात का काय? सगळ्या हसल्या, मीही हसली. मंग मनात आलं, हिले कुलदीपचं कसं माहीत? आन् हातातला डबा हातातच राह्यला, कारण सांगणारी मीच होती. श्रावणात तुहं नाणं पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, याच गिरणीत, भरल्या गर्दीत मी बोलली होती का माह्या भाच्यानं मले चाळीस हजाराले बुडवलं, चोर निघाला. ते इथून मोताळ्याले गेलं, मोताळ्याहून देऊळगावले गेलं. अर्पितानं तुले फोनवर विचारलं, तू फोन ठेवून दिला. हे सगळं तिनंच मले सांगतलं. दिवाळीले तू आला नाही. भाऊबीजेले तिनं ताट लावलं होतं.

आता जे कोणालेच सांगतलं नाही ते सांगते. होळीले त्याच ओट्यावर तू म्हणला होता, "आत्या, पाच हजारच टाक. गेले तर रडू येणार नाही, एवढेच टाक." मीच ऐकलं नाही. तुले दोनदा म्हटलं, चाळीस टाक, तू दोनदा नाही म्हणला. तिसऱ्यांदा मी काय बोलली ते तुह्या लक्षात असीन. स्वतः लाख टाकतो आन् आत्याले पाच सांगतो, आत्या गरीबच राह्यलेली बरी वाटते काय तुले? तुहं तोंड उतरलं. मंग तू माहा फोन हातात घेतला आन् चाळीस टाकून दिले. लोभ माह्या पोटात होता आन् नाव मी तुहं घेतलं. बिल्ल्यावर माहं नाव ठोकलेलं होतं म्हणून त्याच्यासाठी तेरा दिवस राबली. तुह्या नावासाठी आठ महिन्यात एक शब्द बोलली नाही.

सोमवारी दुपारी गिरणीत चोवीस बाया होत्या. मी मोजल्या. पट्टा उतरवला. गिरणी थांबली का बायायले वाटते लाइन गेली, सगळ्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "माहा भाचा चोर नाही. त्यानं पाच सांगतले होते, चाळीस मी टाकले. हावरट मी होती."

सत्यभामाबाई ज्वारीचा डबा घेऊन बसली होती. तिनं विचारलं, हे त्याले सांगतलं काय? मी म्हटलं, नाही.

"मंग आमाले काऊन सांगता? त्याले सांगा." आन् वरून म्हणते, पट्टा चढवा, लाइन जाईन.

म्हणून तुले सांगून राह्यली. कुलदीप, माहं चुकलं. तू काही बुडवलं नाही, तू तर मले अडवत होता. हे मी दादालेही फोन करून सांगतलं. तो एवढंच म्हणाला का पोराले कळव.

आता लग्नाचं. नवरदेवाचा कान पिळायले नवरीचा भाऊ लागते. वहिनी म्हणाली, कुलदीपचं काही नक्की नाही, मावसभावाले सांगून ठेवू. अर्पितानं साफ सांगतलं, कान तसाच राह्यला तरी चालीन, पण दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही. तिले तू ओळखतो, तशीच करीन. मी पोरगा पाह्यला. स्वभावानं गरीब आहे, कान चांगले मोठे आहेत, धरायले काही अडचण नाही.

तू तेराच्या संध्याकाळीच ये, पुण्याहून जालना आन् तिथून देऊळगावची बस. आमी चौदाले सकाळी पोचतो. मी इथून गाडी केली आहे, त्या चोवीसही बाया घेऊन येऊन राह्यली. तुह्या पाया पडता येत नाही मले, आत्या आहे मी. पण हात धरता येते. तुहा हात धरून मी त्या हॉलभर फिरीन, एकेकीपुढं उभी राहीन आन् सांगीन, हा माहा कुलदीप. नाही म्हणू नको बावा.

चोवीस बायायसमोर जे बोलली ते तुले सांगायले सगळ्यात जास्त भ्यालेली,

तुही हावरट आत्या
संजीवनी