सहाव्या मात्रेची टाळी

मामा,

मी पहिल्या गाडीनं धाराशिवला चाललेय. संगीताचा लेखी पेपर दुपारी आहे, पण त्याआधी माझ्या मैत्रिणीकडं, समृद्धीकडं बसून तालांची उजळणी करायचीय. भाकरी टोपल्यात झाकल्यात, आमटी तेवढी गरम करून घ्या. बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका.

हे देवाघरी गेल्यापासून तुम्ही घरात गाण्याचं नाव काढू देत न्हाईत. म्हणून परीक्षेचं तुम्हाला सांगायचा धीर झाला न्हाई. सुनेनं असं चोरून करणं चुकलंच. पण मला शाळेतली संगीताची जागा हवीय, आन् खरं सांगायचं तर गाणंही हवंय.

तुम्ही रानात आहात असं समजून काल मी अंगणात हातानं टाळी देत धमार ताल म्हणत होते. तुम्ही दारातनं ओरडलात, "चौथ्या मात्रेला टाळी दिली की दीपचंदी झाली, पोरी! धमाराला सहाव्याला दे!" मग तुम्हीच दचकलात, चपला घालून निघून गेलात, आन् रात्री जेवलाही न्हाईत. मामा, पुस्तकानं जे डोक्यात बसत नव्हतं, ते तुमच्या एका ओरडण्यानं बसलं.

तुम्ही रागावलात तरी पेपर मी देणारच. रविवारी गायची परीक्षा आहे, तिथं ठेका धरायला माणूस लागतं. तुमचा तबला माळ्यावरनं काढून, पुसून बाजेवर ठेवलाय. नको असला तर तुम्ही उचलून वर ठेवू नका, कंबर धरंल. मला सांगा, मी ठेवीन.

शिवकन्या