डाव्या कोपऱ्यातलं बटण

सर, परवा मी एका पोरीवर सगळ्या वर्गासमोर ओरडले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आज रविवार, इन्स्टिट्यूट बंद, तरी कुलूप काढून येऊन बसले आहे. दोनदा केर काढून झाला. खुर्च्या सरळ केल्या, त्या मुळात सरळच होत्या. उद्या नवी बॅच बसते आहे, आणि तिचा पहिला तास मी घ्यायचा की त्या पोरीने, हे आज ठरवायचं आहे. आजवर पहिला तास माझाच असायचा, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही.

पोरगी म्हणजे माझ्या हाताखाली शिकवते ती. माहेर वरवट बकालचं, लग्न होऊन चिखलीत आली, माझ्याकडेच शिकली आणि माझ्याकडेच राहिली. आता टाइपरायटर नाहीत, सर. संगणक आहेत. समोर काचेचा पडदा असतो आणि त्यावर सगळं टेबल मांडलेलं असतं, फायली, कागद, एवढंच काय कचऱ्याची टोपलीसुद्धा. उजव्या हाताशी एक डबी असते, ती सरकवली की पडद्यावरचा बाण सरकतो. खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण असायचं आणि कुठलंही काम तिथूनच सुरू व्हायचं. वीस-पंचवीस वर्षं माझा हात त्या कोपऱ्यात जातो आहे, न बघता, तुम्ही शिकवलं होतं तसा. तर मागच्या सोमवारी मशीनने स्वतःच काहीतरी नवं घेतलं, तासभर नुसतं थांबा-थांबा म्हणत राहिली, आणि उघडून पाहते तो टेबल कुणीतरी आवरून ठेवलेलं. कोपरा रिकामा. सगळी चिन्हं खाली मधोमध येऊन बसलेली, पंगतीला लवकर पोचलेल्या पाहुण्यांसारखी, आणि ते बटण त्यांच्यातच अंग चोरून उभं.

दिसायला छान आहे, खोटं कशाला बोलू. चौकटींचे कोपरे गोल केलेत, रंग निवळलेत, अक्षर माझ्या वयाला बरं दिसतं. पहिल्या दिवशी मी कौतुकही केलं. मग काम करायला बसले आणि जीव मेटाकुटीला आला. डबीचं उजवं बटण दाबलं की पूर्वी कामांची लांब यादी यायची, कापा, उतरवा, चिकटवा, सगळं शब्दांत लिहिलेलं. आता तिथे बारकी चित्रं. कात्री ओळखली, बाकीची दोन मला सारखीच दिसतात. जुनी यादी हवी असेल तर शेवटी एक ओळ आहे, आणखी पर्याय दाखवा म्हणून. म्हणजे आहे, पण आतल्या खोलीत ठेवली आहे. घरातले डबे कुणी न विचारता हलवले की बाई जशी चिडते तशी मी चिडले. कुणी मला विचारलं नव्हतं, आणि कुणावर चिडायचं तेही कळत नव्हतं. शिकवताना बाण डाव्या कोपऱ्यात जायचा, तिथे काहीच नाही, मग माझा हात थांबायचा. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं, एकदा नाही, तीनदा.

शुक्रवारी आले तर माझ्या मशीनवर बटण परत डाव्या कोपऱ्यात. हात गेला आणि तिथे ते होतं. क्षणभर इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग लक्षात आलं की हे कुणीतरी केलं आहे, माझी कीव येऊन केलं आहे. मी वळून मोठ्याने विचारलं, माझ्या मशीनला हात कोणी लावला? ती उठून उभी राहिली. "मी लावला, मॅडम. तुमचा हात तिकडंच जाते ना, तुमाले सोपं जाईन म्हणून केलं." मी म्हटलं, "माझ्या हाताची काळजी करायला तुला ठेवलेलं नाही. होतं तसं कर." तिने केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. कुणी हसलं नाही, आणि ती शांतता मला त्या हसण्यापेक्षा जड गेली.

तेव्हापासून तुम्ही डोळ्यांपुढून हलत नाही. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. धान्याच्या दुकानाच्या वर आपला वर्ग, खिडकीतून कापसाच्या गाड्या दिसायच्या. वडील मेथी-कोथिंबीर घेऊन तांबडं फुटायच्या आत बाजाराला निघायचे, त्यांच्या बैलगाडीत मी यायचे, वर्गात मुलगी मी एकटीच. तुम्ही आमच्या हातांवर पंचा टाकायचे. खाली पाहायची सोयच नाही. तरी मान वाकली की तुमची पट्टी टेबलावर वाजायची आणि तुम्ही म्हणायचे, "खाली काऊन पाहून राह्यली? डोये कागदावर ठेव. बोटाले माहीत असते कुठं जायाचं." तुम्ही स्वतः खिडकीबाहेर बघत, कुणाशी तरी बोलत टाइप करायचे आणि एक अक्षर चुकायचं नाही. चिखलीत लोक नुसतं ते बघायला जिना चढून यायचे.

मग नवी मराठी मशीन आली. जुन्या मशीनवर अक्षरं जिथे होती तिथे आता नव्हती, आणि परीक्षा नव्या मशीनवरच होणार होती. मराठीत आम्ही कोरे होतो, भिंतीवरचा नवा तक्ता बघून महिन्याभरात शिकलो, आम्हाला काय फरक पडतो. एके सकाळी मी वेळेआधी जिना चढून आले आणि दारात थांबले. तुम्ही नव्या मशीनपुढे वाकून एका बोटाने अक्षर शोधत होता. सापडलं की दाबायचं, पुन्हा शोधायचं. ओठ हलत होते. मी आवाज न करता खाली उतरले. एवढ्यावर थांबले असते तर आज हे पत्र लिहायला बसले नसते. दुपारपर्यंत मी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं. तुमची नक्कल करून दाखवली, वाकून, एका बोटाने, ओठ हलवत. सगळे पोट धरून हसले आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. सतरा वर्षांची होते, असं स्वतःला सांगत आले. सतराव्या वर्षी काय करतो हे माणसाला चांगलं कळतं.

दुसऱ्याच दिवशी एका पोराने साळसूदपणे म्हटलं, "सर, एक डाव तुमीच करून दाखवा ना नव्या मशीनवर." तुम्ही त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. तुम्ही काही कारण सांगू शकला असता. पंचा उचलून तुम्ही स्वतःच्या हातांवर टाकला आणि टाइप करायला लागलात, नेहमीच्या वेगाने. कागद काढून तुम्ही आधी वाचला, मग आमच्यापुढे धरला. एक शब्द धड नव्हता. "माह्या हाताले जुन्या मशीनची सवय आहे," तुम्ही म्हणालात, "नव्यावर येत नाही मले. ही पोरगी नव्यावरच शिकली, हात चांगला आहे तिचा. उद्यापासून मराठीचा वर्ग हीच घेईन." आणि बोट माझ्याकडे केलं. दुसऱ्या दिवशी आले तर खुर्चीवर उशी होती. मी बुटकी, टेबल उंच, म्हणून तुम्ही घरून आणली होती. बातमी कुणी फोडली हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. ठाऊक असूनही आणली असेल, या विचाराने मला घाम फुटतो.

पुढची तीन वर्षं तुम्ही शेजारच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग घेत होता. कचेऱ्यांत मराठी आली तशी तुमची पोरं कमी होत गेली आणि माझ्याकडे जागा पुरेना. मधे एक दार होतं, ते उघडंच असायचं. मला ती मशीन येत होती, तुम्हाला येत नव्हती, आणि ती महिन्याभरात शिकता येते हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. सर, बसा, मी दाखवते, एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी म्हटलं नाही, कारण तुम्हाला आली असती तर ती खुर्ची परत तुमची झाली असती. पुढे तुम्ही किल्ल्या माझ्या हातात देऊन धामणगाव बढ्याला निघून गेला, आणि तिथून तुम्ही वारल्याचा निरोप आला तेव्हा परीक्षा चालू आहे म्हणून मी आलेसुद्धा नाही. परीक्षा दुपारी संपली होती.

त्या पोरीने मात्र दाराशी उभं राहून नक्कल केली नाही. माझी आणखी फजिती व्हायच्या आत तिने बटण जागेवर आणून ठेवलं, आणि मी तिला चारचौघांत झाडलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. आज सकाळपासून मी ते बटण पुन्हा डावीकडे न्यायची धडपड करते आहे. सगळे कप्पे उघडून पाहिले. एकदा पडदा आडवा झाला, एकदा सगळं काळं झालं, बटण होतं तिथेच. तिने दोन मिनिटांत केलं होतं. शेवटी आत्ता तिला फोन केला.

काय म्हणायचं ते जिभेवर घोळवून ठेवलं होतं. म्हटलं, "उद्याचा पहिला तास तू घे." ती मग म्हणाली, "मॅडम, राग आला का अजून? मी पुन्हा नाही लावणार हात." म्हटलं, "राग नाही. तू घे. मी मागच्या बाकावर बसेन." ती म्हणाली, "काऊन, मॅडम? तब्येत बरी नाही का?" हीच वेळ होती, सर. तुम्ही वीस पोरांसमोर तो कागद धरून जे सरळ बोलला, ते मला फोनवर तिच्या एकटीपुढे बोलायचं होतं, की मला हे येत नाही, तू शिकव.

मी म्हटलं, डोळे दुखतात. ती म्हणाली, येताना थेंब आणते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते. डोळे दुखत नाहीत, सर.