मालगाडीच्या आवाजात तपासलेली डिस्क

मंगळवार, संध्याकाळ. दरेकसा.

ती एक डिस्क डोक्यातून जात नाही. विजेच्या जुन्या लाइनवरून उतरवलेल्या, तारेचा करंट खांबात उतरू न देणाऱ्या चिनीमातीच्या डिस्क ठोकून पाहायचं काम लाइनमन नामदेवकाकांनी दिलं होतं. खणखणली तर खडूची खूण, बद्द वाजली तर फेकायची. नेमकी मालगाडी आली. मी डबे मोजत बसलो आणि एकीवर न ऐकताच खूण करून टाकली.

दुपारी काकांना विचारलं, "वरून तर चकचकीत आहे, मग तडकते काऊन?"

"डिस्कवर ही लोखंडी टोपी सिमेंटनं बसवली राहते ना बाबू. ते सिमेंट वर्षानुवर्षं ओल पिऊन फुगते. चिनीमातीले फुगता येत नाही. मंग टोपीच्या आतच तडकते, दिसत नाही."

आणि मग तिच्यातून करंट लोखंडी खांबात उतरतो. उद्या या डिस्क पुन्हा खांबांवर चढणार. नंतर त्या खांबाला पहिला हात काकांचाच. सांगितलं तर म्हणतील, हा पोरगा इथंही टिकत नाही. खरंच, याआधी तरी कुठल्या कामावर टिकलो मी?

शेवटी सांगितलं. कोणती, ते मात्र ओळखू येईना. सगळ्यांवर माझीच खूण.

"मंग साऱ्या ठोक," काका म्हणाले आणि बाजूला बसले.

सतरावी बद्द वाजली. ती फेकून मी पुढची ठोकायला हात उचलला. तेवढ्यात पुन्हा मालगाडी आली. ती पार जाईपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.