विठू खारव्याची अर्धी ओळ

१४ नोव्हेंबर १९९३, क्योतो

आलो एकदाचे. ओसाकातली दोन वर्षं खोक्यांत भरली आणि इथे उपसली. केदारच्या प्रयोगशाळेपासून सायकलीने दहा मिनिटं. घर कसलं, बोळच म्हणायचा: रस्त्यालगत एक खोली, मग लाकडी गजांचं दार, मग मागे स्वयंपाक आणि झोपायची खोली. शेवटी भिंत. मागून बाहेर पडायला वाट नाही. गजांच्या दाराला पुढच्या बाजूने लोखंडी कडी आहे, ती आमच्या नेत्राने दहादा लावून-काढून पाहिली. सहा वर्षांची कार्टी, पण शेजारच्या आजींनी कचऱ्याचे वार सांगितले ते मला निम्मे कळले, तिला सगळे. मी खूश आहे. लिहून ठेवते, पुढे कुरकुरले तर वाचायला.

१९ नोव्हेंबर

मला घरबसल्या अरुबाइतो, म्हणजे तात्पुरतं जोडकाम, मिळालं. केदारच्या विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या हायाशी-सानना कोबेच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक वही मिळाली होती. लिपी कुणाला ओळखू येईना. मी पाहिली आणि हसूच आलं. मोडी. बाबा पुण्याला दप्तरखान्यात होते, त्यांनी मला लहानपणीच शिकवली. ओळ संपेपर्यंत लेखणी उचलायची नाही हा त्यांचा दंडक. उचलली की टपली. वही बाळबोधीत उतरवून द्यायची आहे. हात वळावा म्हणून ही रोजनिशीही आजपासून मोडीत. केदारला वाचता येणार नाही, हे वरचं सुख.

२६ नोव्हेंबर

वही विठू खारव्याची, गाव रत्नागिरीजवळ, साल १९२४. चीनमधल्या नदीवर चाच्यांच्या बंदोबस्ताला इंग्रजांच्या तोफनौका फिरत, त्यातल्या एकीवर हा खलाशी. चाचे म्हणे होड्यांतून चाल करून यायचे नाहीत. रीतसर तिकीट काढून आगबोटीत उतारूंमध्ये बसायचे आणि मध्येच उठायचे. म्हणून बोटीवर कप्तानाची बाजू आणि उतारूंची बाजू यांच्यामध्ये लोखंडी गजांचं दार, आणि दारावर तोफनौकेचा माणूस. तो विठू. हुकूम एकच: शिट्टी झाली की दार लावायचं, पलीकडे कोण का ओरडेना. रोज शेवटी लिहितो, सर्व ठीक. भात कच्चा राहिला तेही लिहितो. गडी मला आवडायला लागलाय.

२ डिसेंबर

आज वाईट पान आलं. शिट्टी झाली, विठूने दार लावलं. चाचे नव्हतेच, भटारखान्यात आग लागली होती. उतारू गजांशी आले, पोरंबाळं पुढे. साहेब म्हणाला, ही चाच्यांची युक्ती असेल, थांब. विठू थांबला. धूर निवळेपर्यंत थांबला. खाली लिहिलंय, सर्व ठीक. त्यापुढच्या पानांवर रोज एवढंच, की उजव्या हाताला गरम-गार काही लागत नाही.

मला जेवण गेलं नाही.

६ डिसेंबर

वही संपली. शेवटची ओळ अर्धीच: शिट्टी झाली तर दार. पान तिथेच संपतं. मी बाबांची मुलगी, अर्धी ओळ सोडवेना. मूळ वहीत लिहू नये हे काय मला कळत नाही? पण हात तिथेच होता. त्याच्याच वळणात समासात पुरी केली: उघडू नये. अक्षर असं जुळलं की माझं मलाच ओळखू येईना. वही देऊन आले. हायाशी-सानना हे सांगितलं नाही.

११ डिसेंबर

हिवाळ्यात इथे संध्याकाळी सातला गल्लीतली म्हातारी माणसं लाकडाचे दोन दांडके एकमेकांवर आपटत फिरतात, आग सांभाळा म्हणत. काल ती टकटक ऐकली. नंतर पाहते तर गजांच्या दाराला कडी, आणि नेत्रा पलीकडे. ती म्हणाली, आई, तू माझ्याकडे बघत बघत लावलीस. मला आठवत नाही.

रॉकेलच्या शेगडीवरची किटली तशीच उचलली, फडक्याशिवाय. फोड आले. दुखत नाहीत.

१५ डिसेंबर

उजवा हात मनगटापर्यंत बधिर झाला. डॉक्टर म्हणाले, नसा ठीक आहेत. काल पुन्हा कडी लावली. अर्धा तास. केदार आला तेव्हा मी इथे पुढच्या खोलीत बसून लिहीत होते म्हणे. चिडला नाही, घाबरला. त्याला सगळं सांगितलं. स्क्रू गंजलेत, रविवारी कडी उपटून टाकतो म्हणाला, तोवर सुतळीने घट्ट बांधून ठेवली. शाळेनंतर नेत्राला तो प्रयोगशाळेत नेणार आहे.

मला भीती वाटायला हवी. वाटत नाही.

१७ डिसेंबर, दुपार

नेत्राला ताप. घरीच आहे, मागे झोपलीय. केदार सुतळीची गाठ तपासून गेला, लवकर येतो म्हणाला, नवाच्या आत.

हायाशी-सान येऊन गेले. वहीच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं एक पान सुटलं, त्याची प्रत दिली. विठूचंच. एकच ओळ: उघडावे, पलीकडे पोरे असतात.

त्याला हे लिहायचं होतं. आणि मी काय लिहून बसले. सोमवारी जाऊन खोडते — उद्याच जाते —

सात

टकटक झाली. कडी लागलीय. सुतळी कापलेली, कात्री माझ्या मांडीवर.

शेगडी आत आहे. नेत्रा आत आहे. गादीचा कापूस जळल्याचा वास.

‘आई, आई’ म्हणतेय ती. आधी जपानीत बोलत होती, आता मराठीत. गजांतून तिची बोटं दिसतात.

कडी हाताच्या अंतरावर. पेन ठेवलं की काढता येईल — ओळ संपली की पेन ठेवता येईल — म्हणून ओळ संपवते आहे — लवकर — ती संपत नाही — डावा हातही आता —

विठू, अरे तू उघड म्हणत होतास — मीच —

नेत्राची बोटं गजांवर नाहीत — आवाज नाही —

सर्व ठी