समासातल्या दुरुस्त्या

गुरुवार, चौदा तारीख
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं

ताई,
नमस्कार. दुकानातली घड्याळं बरोबर चालली आहेत, मीही चाललोय. तुझे गुडघे कसे आहेत? पोरगी तुझ्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले. जेवते ना नीट? तिनं कुणाकडे राहायचं ते सोमवारी बालकल्याण समितीत ठरणार. ती घरी यायला हवी, म्हणून हे पत्र.

फोनवर तू म्हणालीस, "तिची वही वाचायची तुला गरज काय होती?" सांगतो. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी नववीच्या सगळ्या मुलांना ती वही दिली. रोज एक छापील प्रश्न, खाली बारा ओळी. 'आज कशाची भीती वाटली? तेव्हा तू काय केलंस?' मला घड्याळ कुणी शिकवलं नाही, दोनशे बिघडवून शिकलो. मन असं प्रश्न छापून शिकवतात, याचं हसूच आलं. तरी मी वही फाडली नाही. फक्त चुका सुधारल्या.

तिनं लिहिलेलं, 'बाबांनी मला दोन तास माळ्यावर कोंडलं.' मी समासात लाल शाईनं लिहिलं, 'एक तास चाळीस मिनिटं.' पुढे, 'पट्ट्यानं पाच वेळा मारलं.' पट्ट्यानं मारायला मी काय गुंड आहे? 'पितळी मोजपट्टी. चार वेळा.' प्रत्येक दुरुस्तीखाली तारीख, सही. काम करायचं तर चोख. मग वही होती तशी दप्तरात ठेवली.

चार दिवसांनी बाईंनी बोलावलं. वाटलं, आभार मानतील. मानलेसुद्धा! "बरं झालं तुम्ही लिहिलंत. आम्ही तिलाच विचारत होतो, वाढवून तर सांगत नाहीस ना? आता तुमचीच सही आहे."

पोरगी शेजारीच उभी होती. हसली गं ती. तिची आई गेल्यापासून पहिल्यांदा.

एका पानाचा समास मात्र कोरा आहे. 'बाबा वर यायला लागले की मी पायऱ्या मोजते. अकरावी करकरली की रडणं बंद करते.' मी चढून पाहिलं, तीनदा. अकरावीच करकरते. सुधारायला काही सापडलं नाही.

सोमवारी तुला विचारतील. म्हण, भाऊ कडक आहे, पण खोटं लिहीत नाही.

खाली सही करतोय, नेहमीसारखी तारखेसकट.

तुझा धाकटा
१४ तारीख, ९ वाजून ४२ मिनिटं